चांदमारीची शिदोरी



बंदुकीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिची नळी किती लांब, गोळी किती दूर जाते, कोणत्या लढाईत तिने काय काम बजावले, हे शाळेतल्या मुलांनासुद्धा थोडेबहुत ठाऊक असते. परंतु बंदुकीबरोबर जी झोळी किंवा पेटी न्यावी लागते, आणि जिच्यावाचून बंदूक म्हणजे केवळ एक जड काठी होय, तिच्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. स्वयंपाकाचे वर्णन करताना चूल तेवढी सांगावी आणि मिसळणाचा डबा विसरावा, त्यातलाच हा प्रकार. आज ह्या उपेक्षित झोळीविषयी काही बोलावयाचे मी योजिले आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, मी लढवय्या नव्हे आणि शिकारी तर नव्हेच नव्हे. माझा जन्म गोंदियाकडचा, आणि सारी उमेद त्याच मुलखातील शाळांतून इतिहास व मराठी शिकविण्यात गेली. परंतु शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक होते आणि त्यातील मुलांना वर्षातून एकदा चांदमारीस न्यावे लागे. त्यांचे अधिकारी वेगळे. मी नुसता सोबतीला जाणारा मास्तर. तथापि ज्याचे अक्षर बरे त्याच्याकडे याद्या येतात, ह्या शाळाखात्यातील सनातन नियमास अनुसरून आदल्या संध्याकाळी पेटी भरण्याचे काम माझ्याकडे आले आणि पुढे पंधरा वर्षे माझ्याकडेच राहिले.

चांदमारी हा शब्द आता शहरांतून मागे पडला आहे. मातीच्या बांधापुढे निशाण म्हणून जी गोल पांढरी तबकडी उभी करीत, तिला चांद म्हणत. त्या चांदावर मारा करावयाचा म्हणून ती चांदमारी. जुन्या छावण्यांच्या गावी एखाद्या माळाला हे नाव अद्याप चिकटलेले आढळते, आणि तेथे राहणाऱ्यांना त्याचा अर्थ विचारला तर ते आकाशातल्या चंद्राकडे बोट दाखवितात.

आमची पेटी म्हणजे हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक. रायफली आणि काडतुसे पहाऱ्याखाली स्वतंत्रपणे येत. त्यांना आमचा हात लागत नसे. आमच्या ट्रंकेत जे असे ते सारे किरकोळ. नळी साफ करावयाची सळई, फलालिनीच्या चिंध्या, तेलाची बाटली, छापील चांदांची गुंडाळी, भोके बुजविण्यासाठी कागदाचे चौकोनी तुकडे, खळीचा डबा, टाचण्या, हातोडी, मैदानाच्या कडेला लावावयाची तांबडी निशाणे, जखमेवर बांधावयाच्या पट्ट्या, कानात घालावयाचा कापूस, हजेरीचे बुक आणि दोन पेन्सिली. दोन अशासाठी की, एक हटकून मोडते.

पहिल्याच वर्षी मी खळ विसरलो. एका मुलाने आपल्या ५ गोळ्या झाडल्या की चांदावरील भोकांवर कागद चिकटवून तो पुढच्या मुलासाठी पुन्हा कोरा करावा लागतो. खळ नाही म्हणजे पहिल्या मुलाची भोके कोणती आणि दहाव्याची कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. हवालदार काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मैदानापलीकडे एक लहानसा टोला होता, तेथे मी धावत गेलो. आमचा सारा धानाचा मुलूख. चुलीवर भाताचा गंज चढलेला होताच. घरच्या बाईने कशाला म्हणून न विचारता ओंजळभर मऊ भात पळसाच्या पानावर घालून दिला, आणि त्या दिवसाची चांदमारी त्या भातावर निभावली. तेव्हापासून माझ्या यादीत खळीचा क्रमांक पहिला.

त्या फजितीने एक प्रश्न मात्र माझ्या मनात सोडून दिला. जुन्या काळचा बंदूकवाला घरून निघताना काय काय बरोबर घेत असेल, आणि त्यातले काही विसरला तर त्याचे काय होत असेल?

शिवकालात आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्याकडची सर्वसाधारण बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. तिच्या स्वाराची शिदोरी आमच्या ट्रंकेपेक्षा लांबलचक होती. पाठीशी किंवा कमरेला दारूचे शिंगडे, म्हणजे जनावराच्या शिंगाचे अथवा लाकडाचे, चोंदून बसणाऱ्या बुचाचे पात्र. त्याखेरीज एक लहान रंजकदाणी, कारण नळीत घालावयाची दारू जाडी आणि कानावर घालावयाची रंजक बारीक. दोन्ही एकाच पात्रात ठेवून चालत नसे. गोळ्यांची कातडी थैली. दारू मोजण्याचे माप. गोळीवर दाबावयाच्या चिंध्या. ठासण्यासाठी गज, तो बहुधा बंदुकीलाच खोचलेला. कान चोंदला तर मोकळा करावयाची सुई. आणि सर्वांत महत्त्वाची जामगी. जामगी म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची दोरी. ती भडकत नाही, विझतही नाही. उदबत्तीसारखी धुमसत राहते. एक बार काढावयाचा तर माप भरून दारू ओतावी, गोळी सोडावी, चिंधी घालून गजाने ठासावे, कानावर रंजक घालावी, जामगीची राख फुंकून ती चापाच्या चिमट्यात बसवावी, नेम धरावा आणि मग चाप ओढावा. ह्या साखळीतील एक कडी सुटली तर बंदूक मुकी. जामगी विझली म्हणून शत्रूजवळ विस्तव मागावयास जाता येत नाही!

ह्या झोळीचा मोठा वैरी मनुष्य नव्हे, पाऊस होता. दारू ही सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांचे मिश्रण. तिला दमट हवा सोसत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, किल्ल्यांवरील दारूखान्याविषयी जी कलमे आहेत ती आजच्या कोणाही कोठीवाल्याने वाचण्यासारखी आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, दारू तळघरात नीट बंद करून ठेवावी, तिला सर्दी लागू देऊ नये, आणि आठापंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावी, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. राज्याचा अमात्य दारूला ऊन देण्याविषयी लिहितो, ह्यात त्या काळच्या युद्धाचे मर्म आहे. आपल्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, त्याला धर्माचे कारण होतेच. पण नद्यांचे पूर ओसरलेले असत, वैरण तयार असे, आणि झोळीतील दारूही तेव्हाच विश्वासाची होई. खंडेनवमीला शस्त्रे उतरवून, घासून, तेल लावून पूजेला मांडावयाची चाल मला ह्या दृष्टीने फार शहाणपणाची वाटते. चार महिन्यांचा गंज त्या एका दिवशी निघत असे. पूजा करणाराला हे कळत असो वा नसो, बंदुकीला ते लाभत असे.

फ्रेंच प्रवासी बर्निए हा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात होता. त्याने मोगलांच्या पायदळ बंदूकवाल्यांची थट्टा केली आहे. हे लोक उकिडवे बसतात, बंदूक लाकडी दुबेळक्यावर टेकवितात, आणि आपल्या दाढ्या व पापण्या जळतील ह्या भीतीने व्याकूळ होतात, असे तो लिहितो. परदेशी मनुष्याची थट्टा जपूनच घ्यावी. डोळ्यापासून वीतभर अंतरावर उघडी रंजक पेटवावयाची आणि पेटता तोडा हाताशी, कमरेला दारूचे शिंगडे, अशा स्थितीत ज्याला दाढीची काळजी वाटणार नाही तो शूर म्हणावा की बेफिकीर, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही झोळी भरणारा हात बहुधा त्या बंदूकवाल्याचाच होता. जामगी घरी वळता येई. गोळ्या चुलीवर शिसे वितळवून साच्यात ओतता येत. शिंगडे गावचा कारागीर करून देई. सोरा जुन्या भिंतींच्या आणि गोठ्यांच्या मातीतून निघे. शिसे व गंधक मात्र फार करून बाहेरून येई. इंग्रजांच्या वखारीकडून शिवाजी महाराजांच्या लोकांनी शिसे विकत घेतल्याचे उल्लेख आहेत. तेवढा धागा सोडला तर बंदूक आणि तिची शिदोरी, दोन्ही एकाच घरातल्या. पुढच्या शे-दीडशे वर्षांत ही शिदोरी त्या घरातून हळूहळू निघून गेली. ती कशी गेली हेच मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

पहिला फेर झाला तो चकमकीच्या बंदुकीने आणि कागदी काडतुसाने. चकमकीच्या बंदुकीत जामगी गेली, तिच्या जागी गारेचा तुकडा आला. तो पोलादावर आपटून ठिणगी पडे, आणि वीसतीस बारांत झिजे; म्हणून शिपायाच्या झोळीत दोनतीन जादा गारा, कान मोकळा करावयाची सुई आणि लहानसा कुंचला असे. काडतुसाचा शोध दिसावयास लहान, पण परिणामाने मोठा. एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत आधीच बांधून ठेवावयाची. शिपायाने तिचे टोक दाताने फोडावे, चिमूटभर दारू कानावर, उरलेली नळीत, आणि मागून गोळी कागदासकट ठासावी. माप नको, रंजकदाणी नको, चिंधी नको. ही काडतुसे ज्या कातडी पेटीत ठेवीत तिला मराठीत तोसदान म्हणत. काडतूस हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, तोसदान फारसीतून, आणि दोन्ही इतके पचविले की आता ते उपरे वाटत नाहीत.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारद्याच्या ज्या पलटणी लढल्या, त्या ह्या नव्या कवायतीतल्या. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यच्या हाताखाली अशीच फौज उभारली. अशा पलटणीत शिपाई शिदोरी घरून आणीत नसे. तोसदान सरकारी कोठारातून भरून मिळे. त्याचा लाभ उघड होता. दहा शिपायांचे दहा बार सारखे निघू लागले. तोटा तितका उघड नव्हता. तोसदान रिकामे झाले की शिपाई कोठाराकडे पाहत उभा राहणार, हे त्यात आलेच.

आमच्या बाजूला हा फेर उशिरा आला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा हा पूर्वेकडचा भाग म्हणजे झाडी, तलाव आणि जमीनदाऱ्या. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि भोसल्यांचे बळ मोडले. त्यानंतर १८१८ मध्ये गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल ह्याने बंड केले. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने ते मोडून काढले. (कामठा आणि नागपूरजवळील कामठी ह्यांची गल्लत करू नये. कामठी ही छावणी, १८२१ ची; कामठा हे आमच्याकडचे जुने जमीनदारीचे ठाणे.) जमीनदारांच्या पदरच्या लोकांजवळ त्या काळी सामान्यतः तोड्याच्याच बंदुका असत, आणि समोर काडतुसांचे तोसदान बांधलेली कवायती पलटण असे. एकाचा बार निघून दुसऱ्याची तयारी होईतो समोरच्याचे दोन-तीन बार निघून गेलेले असत. शौर्याचा हिशेब येथे लागू पडत नाही.

आता १८५७ कडे वळू. काडतुसांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण झोळीच्या बाजूने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आली. तिच्या नळीत आटे असल्यामुळे गोळी घट्ट बसे, आणि ती सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या टोकाला चरबी व मेण लावलेले असे. चरबी कसली, हे कोणी नीट सांगेना. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे कुजबूज सुरू झाली. हिंदू शिपायाला गाईची शंका, मुसलमान शिपायाला डुकराची, आणि काडतूस तर दाताने फोडावयाचे! येथे एक गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून बहुधा निसटते. सरकारने त्याच महिन्याच्या अखेरीस ठरविले की, काडतुसे चरबीवाचून द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण आपल्या हाताने लावावे. पुढे तर काडतूस दाताऐवजी हाताने फाडावे अशी कवायतच बदलली. म्हणजे शिदोरीचा एवढासा कोपरा शिपायाच्या हाती परत देण्यात आला. पण विश्वास उडालेला होता. वंगण गेले तर कागदाची शंका आली, कारण नवा कागद तुळतुळीत दिसे. मीरत येथे २४ एप्रिल रोजी तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी जी काडतुसे नाकारली ती नव्या रायफलीची नव्हती. आजवर जी वापरीत आले त्याच जुन्या तऱ्हेची होती. ९ मे रोजी त्यांना सर्वांदेखत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले.

कित्येक लेखक ह्याला शिपायांचे अज्ञान म्हणतात. मला तसे वाटत नाही. आपल्या तोंडात जावयाची वस्तू कोणी, कुठे, कशाने भरली हे विचारण्याचा हक्क ज्याला राहिला नाही, त्याने संशय घेऊ नये तर काय करावे? वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच साली दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेकडे निघाले होते, आणि काडतुसांची वार्ता त्यांच्याही कानी वाटेत पडली. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापून काढले. एका गरीब भिक्षुकाच्या कानापर्यंत तोसदानातील गोष्ट पोहोचली, एवढ्यावरून ती किती खोल गेली होती ते समजावे.

बंड शमल्यावर राज्यकर्त्यांनी धडा घेतला, तो त्यांच्या सोयीचा. हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोजिरापेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यावयाचे, हे धोरण पुढे कित्येक वर्षे चालले. गोऱ्यांजवळ मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्या शिपायांच्या हाती स्नायडर होती. शिवाय काडतूस आता कागदाचे राहिले नाही, पितळेचे झाले. दारू, गोळी आणि पेटविणारी टोपी तिन्ही एकात. हे कोणा लोहाराच्या पडवीत होणारे काम नव्हे. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ चा. आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्याखेरीज हत्यार बाळगू नये, हे त्याचे तोंडचे कलम. परंतु त्यातील व्याख्या वाचून पाहाव्यात. सरकारला वाटेल त्या प्रांतात शिसे, गंधक आणि सोरा ह्यांनाही लष्करी सामान ठरविण्याची त्यात तरतूद होती. कायदा करणाराला बंदुकीपेक्षा झोळीचे महत्त्व अधिक कळले होते, असेच म्हणावे लागते. नळी एखाद्याने गवताच्या गंजीत लपविली तरी शिदोरीवाचून ती काय कामाची?

आमच्या जंगलपट्टीत मात्र तोंडाकडून भरावयाची बंदूक टिकून राहिली. तिला आमच्याकडे भरमार म्हणतात. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी शेतकऱ्यांना परवाने मिळत. माझ्या लहानपणी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या पाटलाच्या पडवीत अशी भरमार टांगलेली असे, आणि तिच्याखाली खुंटीला एक कातडी बटवा. बटव्यात दारूची कुपी, छर्रे, टोप्यांची डबी, नारळाच्या काथ्याचा बोळा आणि परवान्याचा कागद, घामाने पिवळा पडलेला. म्हातारा तो बटवा मला उघडून दाखवी, पण हात लावू देत नसे. "बंदूक शिकव म्हणशील तर आधी बटवा भरायला शीक," असे म्हणे. १९७२ चा वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा कायदा आल्यावर शिकारीचा काळ संपला. नागझिऱ्याचे अभयारण्य त्याआधी १९७० मध्येच झाले होते, आणि नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले. शिकार थांबली हे योग्यच झाले. धानाचे काय, हा प्रश्न आमच्या शेतकऱ्यांनी अजून सोडलेला नाही, आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही.

विसाव्या शतकातील .३०३ ली-एनफिल्ड रायफलीने तर शिदोरीचा काही भाग बंदुकीच्या पोटातच घातला. तिच्या दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळी झडप असे, आणि आत तेलाची लहान कुपी व पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला फासे असलेली दोरी. वजन नळीतून खाली सोडावे, फाशात ४ इंच लांब व २ इंच रुंद फलालिनीची चिंधी अडकवावी, आणि एका दमात ओढून काढावी. त्या काळच्या टोप्यांतील मसाला जळल्यावर मागे एक क्षार राही; तो हवेतला ओलावा ओढून घेई आणि एका रात्रीत नळी गंजवी. म्हणून मारा संपल्यावर नळीत कढत पाणी ओतण्याची चाल होती, कारण क्षार पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. नुसते तेल लावून निश्चिंत झोपणाऱ्याची रायफल सकाळी तांबूस दिसे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना निघाली आणि खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती .२२ ची रायफल प्रथम आली. ज्या देशात सत्तर वर्षे हत्याराला हात लावणे हा बहुतेकांना गुन्हा होता, तेथे चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दरीवर पालथा पडून २५ यार्डांवरील चांदावर नेम धरू लागला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शिदोरीवरचा पहारा उठला नव्हता, आणि उठूही नये. जितक्या गोळ्या दिल्या तितकी पितळी नळकांडी मोजून परत करावयाची, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाहिला.

एका वर्षी १२ मुले होती. ६० गोळ्या झाडल्या गेल्या. नळकांडी मोजली तर ५९. पुन्हा मोजली, तरी ५९. दरी झटकली, मुलांचे बूट उलटे केले, सारा वर्ग गुडघ्यांवर बसून गवत विंचरू लागला. ऊन उतरले. ते एक नळकांडे सापडल्याखेरीज कोणालाही घरी जाता येणार नव्हते, आणि कागद वर गेला तर पुढल्या वर्षीची चांदमारीच बंद होण्याचे भय होते. मला एका मुलाचा चेहरा दिसला. तो सर्वांहून जोराने शोधीत होता आणि एकाच जागी शोधीत होता. मी त्याला पाणी आणावयाच्या निमित्ताने बाजूला घेतले. "गुरुजी, आजोबांना दाखवायचं होतं," एवढेच तो बोलला आणि त्याने मुठीतील वस्तू माझ्या हाती दिली. त्याचे आजोबा धान राखीत. त्यांनी जन्मभर भरमार भरली होती, पितळी काडतूस कधी पाहिले नव्हते.

मी परत आलो, वाकलो, आणि ट्रंकेच्या मागच्या गवतातून ते नळकांडे उचलल्यासारखे करून हवालदाराच्या हातावर ठेवले. तो माझ्याकडे पाहत राहिला, त्या खळीच्या दिवशी पाहिले होते तसाच. मग त्याने वहीत ६० लिहिले. त्या मुलाला मी शिक्षा केली नाही, आणि जे केले ते बरोबर केले असेही मला आजवर छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पुढच्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो आणि त्याच्या आजोबांना खडूने फळीवर काडतुसाची आकृती काढून दाखविली. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, "ह्यात दारू घालतो कोण?" कारखान्यात घालतात, असे मी सांगितले. "मग ह्या पोराचं काम काय?" असे ते म्हणाले.

ह्या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंनी दिले. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर, आणि त्यांच्या नावाने नेमबाजीच्या स्पर्धा आजही भरतात. महाराष्ट्राने ह्या खेळात जी माणसे दिली त्यांचा अभिमान कोणालाही वाटावा. अंजली भागवत छात्रसेनेतून पुढे आल्या आणि २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिकात अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर रायफलीत तिन्ही आसनांचा सामना खेळून कांस्यपदक मिळविले.

अशा नेमबाजाची पिशवी पाहिली तर तोड्याच्या बंदूकवाल्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. जाड कापडाचे जाकीट, आणि त्याची जाडीसुद्धा पंचांनी मोजावयाची. हातमोजा, खांद्याचा पट्टा, एका डोळ्यावरचा पडदा, कानांचे बूच, रायफलीचे स्क्रू फिरवावयाच्या षट्कोनी किल्ल्या, नळी साफ करावयाच्या लोकरीच्या गोळ्या. गोळ्या कारखान्यातून येतात हे खरे, पण एका कारखान्याच्या निरनिराळ्या खेपा स्वतःच्या रायफलीतून झाडून पाहावयाच्या आणि जी खेप सर्वांत जवळजवळ भोके पाडते तीच घ्यावयाची, हे काम खेळाडूचे आहे. हवेच्या रायफलीच्या १० मीटरच्या सामन्यात चांदाचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेथे पिशवीतील एक ढिला स्क्रू सारी वर्षभराची मेहनत वाया घालवू शकतो.

मागल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी स्पर्धेला जाण्याच्या आदल्या दिवशी बापाबरोबर मला नमस्कार करावयास आली. पिशवी बरोबरच होती. मी सवयीने म्हटले, "बाळ, काय काय घेतलेस ते काढून दाखव पाहू." तिने एकेक वस्तू माझ्या बाजेवर मांडली. नळीत घालून ठेवावयाची भडक रंगाची एक लवचिक दोरी होती. रायफल रिकामी आहे हे सर्वांना दुरून दिसावे म्हणून ती घालतात, असे तिने मला समजावून दिले. यादी तिच्या स्वतःच्या अक्षरात होती आणि तिच्यावर दोन वेळा खुणा केलेल्या होत्या. मी ती वाचली आणि विचारले, "खळ कुठे आहे?"

चांद आता यंत्राचा असतो, भोके तोच मोजतो, हे तिच्या बापाने मला हसत हसत सांगितले. मुलगी आम्हा दोघांकडे पाहत होती. खळ म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हते.